मा. मॅलॉकसाहेब, एवढे उदार होऊ नका!

मा. मॅलॉकसाहेब,
हीप विभाग, सी भाषा
यांस पारगावहून स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्या उदारपणाचा आम्हाला जाच होऊ लागला आहे.

तालुक्यात अवसरी खुर्दला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज असल्याने डेटा स्ट्रक्चर्स लागलेलं पोरगं आमच्याकडे गल्लीत एखादं निघतंच. त्यातल्याच एकाने लिंक्ड लिस्टसाठी विषय घेतला तो गावचाच: भीमाशंकर कारखान्याच्या काट्यावर लागलेल्या उसाच्या गाड्या. नोडमध्ये वजन आणि पुढच्या गाडीचा पत्ता. 64 बिटी लिनक्सवर हा नोड 16 बाइटचा. पोराने साइझऑफमध्ये एक चांदणी जास्त टाकली आणि नोडऐवजी पॉइंटरच्या मापाची, म्हणजे 8 बाइटची मागणी आपल्याकडे नोंदवली. आपण काय केलंत? ग्लिबसीच्या रिवाजाप्रमाणे हूं की चूं न करता वापरण्याजोगे 24 दिलेत. प्रोग्राम चालला, जर्नलवर सहीसुद्धा झाली. साहेब, रेशनच्या दुकानात असं माप आम्हाला कधी मिळालं नाही.

पुढे नोडमध्ये शेतकऱ्याच्या नावासाठी 20 बाइट घातले. नोड झाला 32चा. मागणी तीच 8, आपली खिरापतही तीच 24. ‘पुढची गाडी’चा पत्ता सुरू होतो नेमका 25व्या बाइटपासून, आणि तिथे तर आपण शेजारच्या तुकड्याचा आकार टिपून ठेवता! पहिल्या गाडीने त्या आकड्यावर नल लिहिलं. आपण गप्प. मग पावतीची फाइल उघडायला एफओपनने जागा मागितली, तेव्हा कुठे आपण असर्शन फेल म्हणत अख्खा प्रोग्राम आडवा केलात. बॅकट्रेसमध्ये नाव आलं एफओपनचं. बिबट्यामुळे रात्री बाहेर पडायची सोय नाही. पोरगं घरात बसून फाइलच्या परवानग्या तपासत राहिलं. फाइल बिचारी निर्दोष.

आपले बंधू फ्री यांचीही तीच तऱ्हा. माप दुरुस्त झाल्यावर यादी मोडताना पोराने आधी गाडी फ्री केली आणि मग तिलाच विचारलं, ‘पुढची कोण?’ बंधूंनी पहिले 16 बाइट स्वतःच्या हिशेबाला घेतले, शेवटचा पत्ता तसाच राहू दिला. मोडीत निघालेल्या गाडीने बिनचूक उत्तर दिलं आणि चूक आणखी महिनाभर लपली.

नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ काखेत मारून टर्बो सीवर शिकलेली आमची पिढी तर याहून लाडावलेली. डॉसमध्ये मेमरीला कुंपणच नव्हतं. नलच्या पत्त्यावर लिहिलं तरी प्रोग्राम शेवटपर्यंत जायचा आणि जाता जाता ‘नल पॉइंटर असाइनमेंट’ एवढं पुटपुटायचा. ते वाचायला थांबतो कोण?

मागणी एकच: 8 मागितले तर 8च द्या, आणि नवव्याला हात लागताच तिथल्या तिथे बोंब ठोका. आपल्याला ते जमणार नाही, हेही ठाऊक आहे. दर वेळी कुंपण तपासत बसलात तर आपला वेग जाईल.

कळावे, लोभ जरा कमी असावा.

आपला,
एक पारगावकर

ता. क. पोरांनो, साहेब काही बदलायचे नाहीत. जीसीसीत 4.8 आवृत्तीपासून, म्हणजे 2013पासून अॅड्रेस सॅनिटायझर आहे. कंपाइल करताना ‘-जी -एफसॅनिटाइझ=अॅड्रेस’ लावा; हद्द कुठल्या ओळीने ओलांडली आणि जागा कुठल्या ओळीने मागितली होती, दोन्ही सांगतो.