पासवर्ड मॅडमकडे आहे

आमच्या कॉलेजात मी ‘डिजिटल समन्वयक’ आहे. म्हणजे प्रोजेक्टरचा रिमोट माझ्या कपाटात असतो आणि कपाटाची किल्ली माझ्या खिशात. बाकी जे काही किरकोळ उरतं, ते मॅडम बघतात. नॅकचा अहवाल, समर्थ पोर्टल, परीक्षेचे गुण, मुलांचे अपार आयडी. आणि माझा पासवर्ड.

मॅडमही आमच्या विरारच्याच. सकाळी मी जनरल डब्यात असा चेपला जातो की वसई गेली तरी खिशातला मोबाइल हाताला लागत नाही. मॅडम लेडीज स्पेशलला. ही गाडी १९९२ साली चर्चगेट-बोरिवली सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी विरारपर्यंत आली. तिच्यात चौथ्या सीटवर अर्ध्या टेकून मॅडम माझे रकाने भरतात. नायगाव सुटलं की खाडीवर रेंज जाते, तेवढीच त्यांना विश्रांती.

बायकांना तंत्रज्ञान जमत नाही, असं म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. जमतं, म्हणून तर त्यांच्यावर टाकतो. २०१७ साली मुंबई विद्यापीठानं सतराएक लाख उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला काढल्या, निकाल महिनोन्महिने लटकले आणि शेवटी कुलगुरूंची खुर्ची गेली. त्या धामधुमीत ‘या प्रणालीतल्या त्रुटी’ या विषयावर मी स्टाफरूममध्ये सलग तीन दिवस बोललो. मॅडम शेजारी बसून तपासत होत्या. करोनात तर ‘ऑनलाइन अध्यापन : माझा अनुभव’ हा माझा शोधनिबंधही छापून आला. वर्ग मॅडमच्या ओट्याजवळून चालायचे. त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मुलांनी मोजलेल्या आहेत.

नॅकच्या सात निकषांपैकी सातव्यात स्त्री-पुरुष समानता येते. तिचा पुरावा लागतो, तोही जिओटॅग केलेला. म्हणून ८ मार्चला आम्ही ‘महिला आणि डिजिटल सक्षमीकरण’ असा कार्यक्रम घेतला. फोटोत मंचावर प्राचार्य, संस्थेचे सचिव, प्रमुख पाहुणे, मी आणि आभार मानणारे सर. पाचही जणांच्या हातात गुलाबाचं एकेक फूल. (फुलं महिलांसाठी आणली होती, पण फोटो रिकाम्या हातांनी बरा दिसत नाही.) मॅडम त्यात नाहीत, कारण फोटो त्याच काढत होत्या. खाली तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश अगदी बिनचूक उमटलेत.

गेल्या सोमवारपासून मॅडम बालसंगोपन रजेवर आहेत. मुलाची दहावी आहे म्हणे. इकडे पोर्टल शुक्रवारी बंद होतंय. पासवर्ड बदलायला गेलो, तर ओटीपी त्यांच्या मोबाइलवर गेला. फोन केला, तर म्हणाल्या, “सर, रजेवर आहे. काय ते मेलवर कळवा.”

मेलचा पासवर्डही त्यांच्याकडेच आहे.

कुणाला प्रोजेक्टरचा रिमोट हवा असेल, तर तो मात्र माझ्याकडे मिळेल.