नळीबाईंस, मुक्काम गाड्याखाली

प्रति,
श्रीमती नळीबाई रबरे,
टाकीच्या तोंडापासून शेगडीच्या नाकापर्यंत,
भज्यांचा गाडा, स्टँडजवळ, धाराशिव.

विषय : आपण अद्याप फुटला नाहीत, त्याबद्दल आभार.



परवा संध्याकाळी आपलं प्रथम दर्शन घडलं. त्याला निमित्त दहाच्या नाण्याचं. गाडेवाल्या मामांनी सुट्टे परत दिले, नाणं हातातून निसटलं आणि घरंगळत गाड्याखाली गेलं. दहा रुपये आमच्याकडं कुणी सोडत नाही, म्हणून वाकलो. खाली पोत्याचा बुरखा घेतलेली लाल टाकी उभी होती. तिच्या डोक्यातून निघून, गाड्याच्या तापलेल्या पट्टीला टेकून, कढईखाली अदृश्य होणाऱ्या आपण दिसलात. मूळचा रंग भगवा असावा. आता तो कढईतल्या तेलाशी जुळवून घेता घेता त्याच्यासारखाच झालाय. टाचेला भेगा पडाव्यात तशा अंगभर भेगा. कमरेला सायकलच्या ट्यूबची पट्टी. रेग्युलेटरच्या टोकाला क्लिपच्या जागी बांधणीच्या तारेचे दोन वेढे. नाणं तिथंच राहिलं.

मी उठून विचारलं, "मामा, ही नळी कवाची?"

"कवाची म्हंजे? गाड्यासंगच घेतलीय."

"आन गाडा कवाचा?"

"पोरगी पहिलीला व्हती तवाचा."

"आता कितवीला हाय?"

"बारावीला. सायन्स घेतलंय." मामांच्या आवाजात अभिमान होता. मुलीचा होता की आपला, ते भज्यांच्या चर्रर्र आवाजात नीट कळलं नाही.

नळीबाई, आपल्या जातीचं आयुष्य पाच वर्षांचं धरलेलं आहे. सुरक्षा नळी म्हणून आपण जन्माला येता तेव्हा पोटात तारेची जाळी असते आणि अंगावर साल छापलेलं असतं. आपल्या अंगावरचं साल मात्र बेसनाच्या थराखाली गेलंय. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला 58व्या वर्षी नारळ मिळतो, मुदतवाढ हवी तर मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. आपल्याला तारेच्या दोन वेढ्यांत ती मिळाली. ना अर्ज, ना शिफारस.

तरी माझ्या मनातला आदर आपल्या सेवाज्येष्ठतेबद्दलचा नाही. तो आपल्या मोठ्या मनाबद्दलचा आहे. कुठं गाड्यावर भडका उडाला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ठरलेली ओळ येते : नळीतून गळती झाल्याचा प्राथमिक अंदाज. झालं, गुन्हेगार सापडला. अंतिम अंदाज छापून आल्याचं मला तरी आठवत नाही. आणि आपण एका शब्दानं तक्रार करत नाही. करणार तरी कशा, तोवर आपली राख झालेली असते. पण जिवंतपणी तरी कुणाला विचारावंसं वाटलं असेल ना, की बारा वर्षांत मला बघायला कोण कोण आलं?

तसं पाहिलं तर गाड्यावर येणाऱ्यांची वाण नाही. नगरपालिकेचा माणूस तहबाजारीची पावती फाडायला येतो. रोज येतो, आपल्यापासून दीड हातावर उभा राहतो. त्याचं काम पावतीचं. अन्न व औषध प्रशासनाचे साहेब क्वचित येतात. ते तेलाचा काळेपणा पाहतात, पाणी झाकलेलं आहे का पाहतात, वर्षाला 100 रुपये भरून घेतलेलं नोंदणीपत्र पाहतात. त्यांचा कायदा अन्नाचा आहे. त्यामुळं भजं पोटात गेल्यावर काय होईल त्याची काळजी सरकारला आहे. तळताना काय होईल ती ज्याची त्यानं करावी. तहसीलचं पुरवठा खातं कधीतरी धाड टाकतं आणि घरची टाकी धंद्याला वापरली म्हणून जप्त करून नेतं. गॅस पुरवठ्याच्या 2000 सालच्या आदेशानं ते बरोबरच आहे, जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली गुन्हाही होतो. पण नेतात ती टाकी. आपण तिथंच लोंबकळत राहता आणि संध्याकाळी दुसरी टाकी आपल्याला येऊन भिडते.

अग्निसुरक्षेचा 2006 चा राज्याचा कायदा आहे, तो इमारतींचा. गाड्याला भिंत नाही. स्फोटकांचं खातं नागपुरात मुख्यालय थाटून बसलंय, पण 100 किलोपर्यंतच्या गॅसला त्यांचा परवाना लागत नाही. मामांची टाकी 14.2 किलोची. आपल्याच जिल्ह्यात वाशी तालुक्यातल्या तेरखेड्याला फटाके बनवायचे तर दारूचा कण न् कण कागदावर मांडावा लागतो, आणि दारूनंही कधी बेसनाच्या घाण्याखाली बसण्याचा आगाऊपणा केलेला नाही.

सगळ्यांत बहारीची तपासणी गॅस एजन्सीची. घरगुती ग्राहकाची पाच वर्षांतून एकदा तपासणी करायची, असा नियमच आहे. 2024 साली तर तेल कंपन्यांनी घरोघर मोफत तपासणीची मोहीम काढली, जुन्या नळ्या सवलतीत बदलून दिल्या. मामांच्या घरीही माणूस गेला असणार. त्यानं ओटा पाहिला, शेगडी पाहिली, तिथली नळी वाकवून पाहिली, सही घेतली. कागदाच्या हिशेबानं टाकी घरी आहे. मग गाड्याखाली पोतं पांघरून बसलेली ती कोण? ती कागदावर नाही. आणि जी टाकीच अस्तित्वात नाही तिला जोडलेली नळी तरी कुठून अस्तित्वात असणार? म्हणजे, नळीबाई, कायद्याच्या दृष्टीनं आपण भूत आहात. भुताची तपासणी कोण करतं?

हे सगळं घडलं ते गाड्याला चार चाकं आहेत म्हणून. चाकं असली की वस्तू फिरती ठरते, आणि फिरत्या वस्तूला पत्ता नसतो. मामांचा गाडा गेल्या बारा वर्षांत जागचा हलल्याचं मी पाहिलेलं नाही. एका चाकाखाली वीट आहे, दुसरं डांबरात रुतलंय. पण नोंदीत तो फिरताच.

पत्ता असला की काय होतं तेही सांगतो. 16 ऑक्टोबर 2015 ला मुंबईत कुर्ल्याच्या किनारा हॉटेलात गॅसनं पेट घेतला. दुपारच्या जेवणाला बसलेले आठ जण गेले, त्यांत बहुतेक कॉलेजची पोरं. त्यांच्या आईवडिलांनी हा विषय नळीवर किंवा टाकीवर संपू दिला नाही. बघायची जबाबदारी कुणाची होती, हे विचारत ते कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले. जून 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं महापालिकेच्या निष्काळजीपणावर बोट ठेवलं आणि प्रत्येक कुटुंबाला 50 लाख रुपये द्यायला सांगितलं. दहा वर्षं लागली, आणि तीही हॉटेलला चार भिंती, परवाना, फाईल, फाईलवर कुणाची तरी सही होती म्हणून. मामांच्या गाड्याची फाईल म्हणजे तहबाजारीच्या पावत्यांचा गठ्ठा, तोही भजी बांधून देण्यात संपला.

आता थोडं आपल्या कर्तबगारीविषयी. घरच्या साध्या रेग्युलेटरमधून गॅस येतो तो जेमतेम 30 मिलिबार दाबानं, मुंगीच्या पावलांनी. टाकीच्या आत, आपल्याकडच्या चाळीस अंशांच्या उन्हात, त्याच्या दोनशे पटींहून जास्त दाब असतो. आपण जन्मलात त्या मुंगीपावलांसाठी. पलीकडच्या चायनीजच्या गाड्यावर आपली धाकटी बहीण आहे, तिला जास्त दाबाच्या रेग्युलेटरला जुंपलंय. तिथली भट्टी विमानासारखी घोंगावते आणि गिऱ्हाईक कौतुकानं म्हणतं, काय जाळ आहे राव! त्या जाळाला वेगळी, जाड नळी लागते हे कौतुक करणाऱ्याला माहीत नाही. विकणाऱ्यालाही कुणी सांगितलेलं नाही.

आपल्या भेगेतून जो निसटतो तो गॅस हवेपेक्षा जड. वर उडून जाण्याचा मोकळेपणा त्याच्याकडं नाही, तो खाली बसतो. आणि गाडा उभा कशावर? गटारीच्या फरशीवर. वारा लागून जाळ विझू नये म्हणून तीन बाजूंनी ताडपत्री. म्हणजे गॅसला बसायला बैठक आणि आडोसा, दोन्हींची सोय. हवेत त्याचं प्रमाण शंभरात दोन भागांपर्यंत गेलं की त्याला एक ठिणगी पुरते. ठिणगीलाही तोटा नाही. गल्ल्याशेजारी आई भवानीचा फोटो आहे, त्याखाली तिन्हीसांजेला उदबत्ती लागते. गळती आहे का हे पाहायला मामा साबणाचा फेस लावत नाहीत, काडी ओढून जवळ नेतात. मी ओरडलो तर म्हणाले, "आवं, गळत आसंल तर लगेच कळतंय की." कळतंय, यात शंका नाही.

गॅसला मूळचा वास नाही. गळती कळावी म्हणून कारखान्यात मुद्दाम कुजक्या वासाचं रसायन मिसळतात. धाराशिवच्या खाऊगल्लीत त्या बिचाऱ्याची गाठ लसणाशी, तळलेल्या मिरचीशी, व्हिनेगरशी आणि गटारीशी पडते. चौघांपुढं त्याचा काय निभाव लागणार? नवखा कुणी नाक वाकडं करून म्हणालाच, कसला वास येतोय, तर आम्ही जुनी गिऱ्हाइकं त्याला नगरपालिकेच्या नावानं दोन शिव्या ऐकवतो आणि आणखी एक प्लेट मागवतो.

थंडीतली गंमत तर विसरलोच. डिसेंबरात टाकीला घाम येतो, जाळ मंदावतो. मग टाकीला गरम पाण्याच्या घमेल्यात बसवतात, नाहीतर सरळ आडवी करतात. शेवटचा गॅस वाया कशाला घालवायचा! आडव्या टाकीतून वायूऐवजी पातळ गॅस आपल्या अंगात शिरतो, आणि तो बाहेर पडून वायू झाला की सुमारे अडीचशे पट फुगतो. एवढं सोसूनही आपण तारेच्या दोन वेढ्यांवर तग धरून आहात. खोटं नाही बोलत, मला घरच्या कुणाचा एवढा भरवसा वाटत नाही.

तिकडं विलायतेत आपल्या बहिणींचे फार हाल. जत्रेत वडे तळायला गाडी लावायची तर जत्रेवाले आधी गॅसतपासणीचा चालू वर्षाचा दाखला मागतात, आणि तो लिहायला नोंदणीकृत कारागीरच लागतो. अमेरिकेत फिलाडेल्फियात 1 जुलै 2014 ला खाण्याच्या एका गाडीतली टाकी गळून भडका उडाला, त्यात गाडी चालवणाऱ्या मायलेकी गेल्या. तिथल्या लोकांनी टाकी कुणी भरली, भरण्याआधी तिची मुदत कुणी पाहिली नाही, इथवर माग काढला आणि भरून देणाऱ्या कंपनीला कोर्टात उभं केलं. आपल्याकडंही टाकीच्या मानेवरच्या पट्टीवर तपासणीची मुदत असते. ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर म्हणजे वर्षातली तिमाही, पुढं साल. मी पोतं बाजूला करून मामांच्या टाकीवरचं अक्षर वाचायला गेलो, तर शेजारचा म्हणाला, "साहेब, पुरवठ्यातून आलाव का?" तेवढ्यात मामांनी पोतं पुन्हा नीट केलं.

मामांवर माझा राग नाही. भडका उडाला तर सगळ्यांत जवळ तेच उभे आहेत. धंद्याच्या 19 किलोच्या निळ्या टाकीचा भाव किलोमागं जास्त, जोडणीला अनामत, कागद, आणि पुन्हा तोच प्रश्न : पत्ता काय? पाच किलोची छोटी टाकी नुसत्या ओळखपत्रावर मिळते, पण कढईच्या जाळापुढं ती किती दिवस पुरणार? मामांचं गणित चुकलेलं नाही. त्यांच्या गणितात फक्त आपण धरलेल्या नाही आहात.

नवरात्रात तुळजापूरला आपलं सगळं गणगोत जमतं. गाड्याला गाडा खेटून, मधून माणसांचा लोंढा. कोजागिरीला सोलापुरापासून तुळजापूरपर्यंत रस्ताभर मांडव, भाविकांना फुकट चहा, पोहे, खिचडी. पुण्याचं काम, म्हणून तिथं टाक्यांची मोजदाद कुणी करत नाही. बंदोबस्त चोख असतो, अग्निशमनाची गाडी उभी असते, ध्वनिक्षेपकावरून चपला आणि लेकरं सांभाळायच्या सूचना चालू असतात. एकदा तरी त्यावरून कुणी म्हणावं, गाडेवाल्यांनो, आपापली नळी वाकवून बघा, भेग दिसली तर मांडवात नवी मिळेल. पावती फाडणाऱ्याच्या खिशात पेनाशेजारी एक क्लिप ठेवली तरी चाललं असतं. पण मग आपली नोकरी जाईल, आणि पुढच्या भडक्याला दोषी कोण, हा पेच नव्यानं सोडवावा लागेल. एवढा त्रास प्रशासनाला कशाला?

असो. तब्येतीची काळजी घ्या, म्हणजे आमची घेतल्यासारखंच आहे.

आपला,
आपल्यापासून दीड हातावर बाकड्यावर बसणारा,
दोन प्लेट भजी, मिरची वेगळी.

ता. क. परवा न राहवून दुकानातून एक नवी नळी आणि दोन क्लिपा आणल्या, मामांना दिल्या. मामांना भरून आलं. त्यांनी ती कोरी करकरीत नळी पिशवीसकट लिंबू-मिरचीच्या खिळ्याला टांगली. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. जुनी आजून चांगली हाय की. ही नवरात्रात लावू." गळती झाली तर 1906 ला फोन करायचा असतो, म्हणून तो नंबर मी फळीवर खडूनं लिहून आलो. काल पाहिलं, तर त्याच्यापुढं कुणीतरी 'वडापाव पार्सल' लिहून ठेवलंय.