युद्धकलांची तौलनिक परिणामकारकता : झाडीपट्टीच्या संदर्भात

चंद्रपूरच्या परकोटाला जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर असे चार दरवाजे असून गोंड राजांच्या या नगरीचे जे राजचिन्ह दगडात कोरलेले आढळते, त्यात सिंहाने हत्तीला पायाखाली घातलेले दिसते. दोन लढवय्यांच्या तुलनेचा झाडीपट्टीतला, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या जंगलपट्ट्यातला, हा दगडी निष्कर्ष मानण्यास हरकत नाही. मात्र बहुतेक निष्कर्षांप्रमाणे त्यातही निकाल तेवढा दिला आहे, आणि लढत कोणत्या नियमांनी झाली, पंच कोण होते, हत्तीचे म्हणणे ऐकून घेतले होते काय, याविषयी शिल्पकाराने मौन पाळले आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये रानटी हत्तींचा कळप छत्तीसगडमार्गे गडचिरोली जिल्ह्यात उतरला तेव्हा या निकालाची फेरतपासणी करण्याची संधी होती, परंतु सिंह या जंगलात नाही आणि त्याच्या वतीने आखाड्यात उतरण्यास कोणी राजी झाले नाही.

कराटे श्रेष्ठ की कुस्ती, हा वाद जगभर चालतो. तो एकदाचा मिटवावा म्हणून 12 नोव्हेंबर 1993 रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे निरनिराळ्या पद्धतींचे लढवय्ये एकाच पिंजऱ्यात सोडण्यात आले आणि रॉयस ग्रेसी हा अंगाने किरकोळ ब्राझिलियन तरुण जिउ-जित्सूच्या, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला जमिनीवर लोळवून गळा आवळण्याच्या किंवा सांधा पिळण्याच्या विद्येच्या बळावर सर्वांना पुरून उरला. या सामन्यांना नियमच नाहीत अशी ख्याती होती. तरीही चावणे आणि डोळ्यांत बोटे घालणे या दोन गोष्टी निषिद्ध होत्याच. ताडोबाच्या जंगलाच्या दृष्टीने पाहता हा अपवाद फार मोठा ठरतो, कारण तेथील सर्वांत यशस्वी लढवय्याचा अभ्यासक्रम चावण्यापासून सुरू होतो आणि बहुधा तेथेच संपतो.

ज्युदोचे उदाहरण घ्यावे. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये जपानात सुरू केलेल्या या विद्येत दोघे समोरासमोर येतात, वाकून नमस्कार करतात आणि एकमेकांचा अंगरखा धरतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले आणि मेमध्ये तेंदूपत्ता वेचणारी माणसेही वाकलेलीच असतात. फरक एवढाच की वाघ नमस्कार न करता पाठीमागून येतो, धरायला अंगरखा देत नाही आणि थेट मानेला भिडतो. (चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत दर उन्हाळ्यात खरी माणसे मरतात, त्यामुळे विनोद त्यांचा नव्हे, कमरेच्या पट्ट्यांच्या रंगावर पोसलेल्या अभिमानाचा आहे, हे येथे स्पष्ट केलेले बरे.) कराटे या शब्दाचा अर्थ ‘रिकामा हात’ असा होतो, आणि खांद्यावर कुऱ्हाड टाकल्याशिवाय जंगलात पाऊल न ठेवणाऱ्या माणसाला ही कल्पना मुळातच अव्यवहार्य वाटणार. कराटेत ‘काता’ नावाचा प्रकार असतो, ज्यात काल्पनिक शत्रूंशी ठरावीक हालचालींनी लढायचे असते. त्या शत्रूंपैकी एकही आजवर जिंकलेला नाही.

स्वदेशी अभिमानाने दांडपट्ट्याकडे वळावे, तर तेथेही भूगोल आडवा येतो. कोपरापर्यंत हात झाकणारी मूठ आणि पुढे लांब, लवचीक पाते असलेले हे हत्यार 2024 मध्ये महाराष्ट्राचे राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाले, आणि कोल्हापूरच्या मोकळ्या मैदानात मर्दानी खेळाच्या वेळी ते फिरू लागले की चोहोबाजूंनी कडे तयार होते. गडचिरोलीच्या बांबूच्या रांजीत मात्र तोच पट्टा पहिल्याच फिरकीत अडकेल, आणि पुढचा सर्व पराक्रम तो सोडवण्यात खर्ची पडेल.

अस्वलाचे प्रकरण अधिक उद्बोधक आहे. वाघ पुष्कळदा माणूस दिसताच वाट बदलतो. अस्वल मात्र वारूळ उकरण्यात इतके गढलेले असते की माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही, आणि मग दचकून ते मागच्या पायांवर उभे राहते व तोंडावर झेपावते. त्यातून मोहफुले त्यालाही आवडतात, म्हणजे पहाटेच्या त्या झाडाखाली दोन्ही पक्षांचा हक्क सारखाच. अस्वल अंगावर आलेच तर पालथे पडून दोन्ही हातांनी मान झाकावी, असे जाणकार सांगतात. ग्रेसी यांच्या विद्येचा जमिनीवर जाण्याचा भाग येथे तंतोतंत लागू पडतो. जमिनीवर गेल्यानंतर जे काही करायचे असते, ते सर्व वगळायचे.

दोन समान प्रतिस्पर्ध्यांची खरी तुलना या भागात फक्त कोंबडबाजारात होते, आणि तो कायद्याने गुन्हा आहे. तेथे कोंबड्याची जात, रंग, झडप घेण्याची ढब यांवर तासभर विद्वत्तापूर्ण चर्चा होते. मग पायाला काती, म्हणजे धारदार लोखंडी पाते, बांधले जाते आणि काही क्षणांत सर्व शैलींचा निकाल त्या पात्यावर लागून पराभूत शैली रश्शात जाते. पोलिसांची धाड पडली की प्रेक्षक जी कला दाखवतात, तिच्यापुढे दोन्ही कोंबडे फिके पडावेत. मागे उरतात त्या दुचाक्या.

सर्व पद्धती अशा रीतीने निकालात निघाल्यावर एकच अंग शिल्लक राहते, आणि ते म्हणजे कराटेतील ‘किआई’, अर्थात फटका मारताना पोटातून काढलेली आरोळी. फटका गौण, आरोळी महत्त्वाची. कारण बेसावध अस्वलाला ती आधीच सावध करते आणि दबा धरणाऱ्या वाघाला आपण दिसलो आहोत हे कळवते. ताडोबाच्या बफर क्षेत्रातील गावांत वनविभागाने स्थानिक तरुणांची प्राथमिक प्रतिसाद दले उभी केली आहेत. त्यांच्या हातात लाठी असते, पण शेतात वाघ आला की ती वाघावर उगारली जात नाही, तर मोबाईल उंचावून पुढे सरकणाऱ्या गर्दीला मागे रेटण्यासाठी आडवी धरली जाते, आणि हा प्रतिस्पर्धी वाघापेक्षा चिवट असतो.

तेव्हा मोहफुलांना जाणाऱ्यांनी एकट्याने जाऊ नये, उजाडल्यावर जावे, सगळ्यांनी एकदम वाकू नये, एकाने उभे राहून चोहीकडे नजर ठेवावी आणि मोठ्याने बोलत राहावे. विषय कोणताही चालेल, कराटे श्रेष्ठ की कुस्ती, हासुद्धा.