प्रतिवादी विश्रांती घेत आहेत, दार वाजवू नये

दावा ऐन रंगात असताना प्रतिवादी कंपनीने दिवाळं काढलं, तर वादीला पेढे द्यावेत. इतकी वर्षं पैसे द्यायला फक्त कंपनी नाही म्हणत होती. आता मागायलासुद्धा कायद्याची मनाई! एवढी बढती सरकारी नोकरीतही मिळत नाही.

आमच्या ओळखीचे भोसरीतले एक पत्रेकामवाले काका परवा या बढतीस पात्र झाले. माल दिला, बिलं थकली, चेक परत आला. मग वकिलांनी सल्ला दिला की ‘समरी सूट’ टाका, झटपट निकाल. त्या झटपट दाव्याची फाइल आता दोन हातांनी उचलावी लागते. युक्तिवादाची तारीख लागली तेव्हा काका नवा शर्ट घालून गेले. प्रतिवादीच्या वकिलांनी उठून दीड ओळीची पुरशिस दिली, मागे कंपनी न्यायाधिकरणाच्या आदेशाची झेरॉक्स. रोजनाम्यावर ‘मोरेटोरियम’ असं उमटलं आणि पट्टेवाल्याने पुढचा पुकारा केला.

हा मोरेटोरियम म्हणजे 2016 च्या दिवाळखोरी संहितेचं कलम 14 : न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला की कंपनीवर नवा दावा नाही, चालू दावा जागीच थांबला, हुकूमनामा हातात असला तरी दरखास्त पुढे सरकत नाही. लवाद, ग्राहक मंच, सगळीकडे तेच. हेतू उत्तम आहे बरं का. प्रत्येक सावकाराने येऊन एकेक खिडकी उचकटून नेली, तर कारखाना विकायला उरेल काय? फक्त ज्याचं घेणं आहे त्यालाच शांततेची ही किंमत भरावी लागते, एवढंच.

ही शांतता किती दिवस? कायद्यात 330 दिवसांची कमाल मर्यादा आहे आणि ती ‘सक्तीने’ पाळावी असा शब्दही होता. एस्सार स्टीलच्या 2019 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो शब्द काढून टाकला. त्यामुळे मर्यादा आहे, सक्ती नाही. आपल्याकडच्या हेल्मेटसारखं.

मग वादीने करायचं काय? पेपरात एक जाहिरात येते. तिच्यातल्या मुदतीत, साधारण 14 दिवसांत, ठरावीक नमुन्यात आपलं घेणं कळवायचं. काका कोर्टात जे वर्षानुवर्षं शपथेवर सांगत होते, तेच आता पुन्हा नव्या साहेबांना सांगायचं. या साहेबांना रिझोल्यूशन प्रोफेशनल म्हणतात. जाहिरात चुकली तर थोडी सवलत आहे, नंतर विनवण्या. आणि कंपनी सावरण्याची योजना एकदा मंजूर झाली की तिच्यात नसलेलं घेणं संपलं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये घनश्याम मिश्रा प्रकरणात स्पष्ट केलं. म्हणजे दावा पुन्हा बोर्डावर येईल, तेव्हा त्याच्या पोटात काही नसेल.

योजना कोण ठरवतं? बँका आणि इतर कर्ज देणारे. माल पुरवणाऱ्याला त्या समितीत मत नाही. अशा सगळ्यांचं मिळून घेणं एकूण कर्जाच्या दहा टक्के असेल तर बैठकीत बसता येतं; बसून ऐकायचं. औरंगाबादच्या व्हिडिओकॉनचं उदाहरण घ्या. 2021 मध्ये मुंबईच्या न्यायाधिकरणाने मंजूर केलेल्या योजनेत माल-सेवा पुरवणाऱ्यांच्या वाट्याला रुपयामागे पाऊण पैसासुद्धा येत नव्हता : 0.72 टक्के. खुद्द न्यायाधिकरणाला राहवलं नाही. हे केस कापणं आहे की मुंडण, अशा अर्थाचा शेरा त्याने मारला आणि योजना मंजूर केली! पुढे अपील न्यायाधिकरणाने ती रद्द केली, ते वेगळं.

योजना फसून कंपनी अवसायनात गेली तर कलम 53 ची रांग. आधी प्रक्रियेचा खर्च, म्हणजे रांग लावणाऱ्यांची फी. मग कामगार आणि तारण असलेल्या बँका, इतर कर्मचारी, विनातारण कर्ज देणारे, सरकार... आणि मग ‘उर्वरित देणी’. ती उर्वरित म्हणजे काका. त्यांच्याही मागे भागधारक उभे असतात, तेवढाच आधार.

खरी गंमत पुढेच आहे. मनाई आहे ती कंपनीवरच्या दाव्यांना. कंपनीने तुमच्यावर केलेल्यांना नाही. ‘माल निकृष्ट होता’ म्हणून तिने नुकसानभरपाई मागितली असेल, तर तो दावा टुणटुणीत राहतो. बरं, तुमच्याकडे निघणारे पैसे ‘माझ्या येण्यातून वळते करून घ्या’ म्हणाल, तर तेही नाही. अगदी मोजके अपवाद सोडता अशी वजावट चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2024 मध्ये एअरटेलच्या खटल्यात सांगितलं. दिवाळखोराला रोख द्या, त्याच्याकडून फॉर्म घ्या.

काकांनी विचारलं, ‘मीही दिवाळखोर झालो तर?’ त्यांची मालकीची फर्म. तिला हे पांघरूण मिळत नाही. त्यासाठी आधी कंपनी व्हावं लागतं.

तरी एक फट आहे. परत आलेल्या चेकचा फौजदारी खटला कंपनीपुरता थांबतो, पण ज्या संचालकांनी सही केली त्यांच्यावर तो चालू राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2021 मध्ये ठरवलं. तेव्हा जाहिरात कापून ठेवा, फॉर्म वेळेत भरा आणि कपाटातल्या त्या चेकवर सही कोणाची आहे, ते आजच बघा.