नेफ्यातली नाडी

"काय हो वहिनी, भाची आलीय म्हणे सुट्टीला?"

"आलीय ना! आणि आल्यापासून एकच पुराण, डीएनए. पीएचडी चाललीय. त्याला अरुंद नळीत घालायचं आणि काय करतो ते बघत बसायचं."

"अगंबाई! अरुंद म्हणजे केवढी?"

"केसाच्या जाडीचा हजारावा भाग, शंभरेक नॅनोमीटर. काचेत कोरतात. लॅम्डा नावाच्या विषाणूचा डीएनए ताणला तर १६ मायक्रॉन भरतो, पण पाण्यात मोकळा सोडला की दीडेक मायक्रॉनचा गुंता."

"मग तो नळीत शिरेल कशाला?"

"शिरत नाहीच! नाडी आपणहून नेफ्यात जाते का? पिन लागते. इथे वीज. डीएनएवर ऋणभार, म्हणून धन टोकाकडे ओढला जातो. तरी तोंडाशी अडकतोच, मग वाटेत बारीक खांब उभारतात, त्यांच्यात गुंता सुटतो."

"आणि वीज बंद केली तर?"

"पुरता आत असेल तर आतच राहतो. एक टोक बाहेर राहिलं असेल तर मात्र सगळाच्या सगळा बाहेर! ओढत कुणी नाही हं. बाहेर वेडंवाकडं पडायच्या तऱ्हा अगणित, आत त्या मानाने मोजक्या, एवढंच. कॉर्नेल विद्यापीठात २००२ साली दाखवलंय."

"आणि नळी आणखी अरुंद केली?"

"साधारण ५० नॅनोमीटर लांबीपर्यंत डीएनए ताठ असतो. त्याहून अरुंद जागेत मागे वळताच येत नाही. भिंतींवर आपटत जवळजवळ सरळ होतो. ओडाइक नावाच्या डच माणसाने १९८३ मध्येच हे गणिताने मांडलं होतं."

"कोंडला की सरळ? माझ्या सुनेच्या कानावर घालू नका, पोरांच्या खोलीला बाहेरून कडी लावेल."

"सरळ झाला की मोजता येतो हो. जागोजागी चमकत्या खुणा लावायच्या. दोन खुणांतलं अंतर कमी-जास्त दिसलं की तुकडा कुठे गळालाय, कुठे दोनदा आलाय ते कळतं."

"बरं, पण विषाणूच्या पोटात तरी कुठे जागा असते?"

"तेच तर! फाय-२९ नावाचा एक आहे. कवच पन्नासेक नॅनोमीटरचं, डीएनए साडेसहा मायक्रॉनचा. कवचाच्या तोंडाशी चक्क मोटर असते, ती रेटून रेटून भरते. आतला दाब हवेच्या साठेकपट."

"म्हणजे तिथेही सरळच?"

"छे! दाबून बसवलेली वेटोळी. सरळ व्हायला लांबी नको का? नळी थोडीच आहे ती!"