चोवीस तास मान हलवू नये

गिब्सनची लेस पॉल गिटार १९५२ साली बाजारात आली, आणि जवळजवळ तेव्हापासूनच ती मानेत मोडते आहे. याला दोष म्हटलं की तिचे भक्त चिडतात, म्हणून आपण स्वभाव म्हणू. डोकं १७ अंश मागे कललेलं, लग्नात मानपान मोजत बसलेल्या श्रीमंत आत्याबाईंसारखं. मान महोगनीच्या एकाच तुकड्यातून कापलेली, त्यामुळे लाकडाच्या रेषा कललेल्या डोक्यात शेवटपर्यंत जातच नाहीत, मध्येच तिरक्या तुटतात. आणि जिथे लाकूड सर्वांत बारीक, नेमका तिथेच, मान सरळ ठेवणारा ट्रस रॉड फिरवायला कोनाडा कोरलेला. त्यावर सहा तारांचा मिळून ४०-४५ किलोंचा ताण. एवढं जमल्यावर स्टँडला झाडणाऱ्या बाईंचा झाडू लागला, तर बिचाऱ्या झाडूला का बोला?

कंपनीने मध्यंतरी कोन १४ अंशांवर आणला, मानेमागे लाकडाचा उंचवटाही ठेवून पाहिला. शौकिनांनी नाकं मुरडली. पुन्हा १७ अंश, उंचवटा गायब. दुसऱ्या घराण्याच्या गिटारी बनवणाऱ्या लिओ फेंडरचं मात्र वेगळं. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. कॅलिफोर्नियात त्याचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. त्याने सरळसोट डोक्याची मेपलची मान केली आणि ती चक्क स्क्रूंनी बसवली. मोडली तर काढा, दुसरी लावा. वस्तू कधीतरी मोडणारच, हे दुरुस्तीवाल्याइतकं कोणाला कळतं?

आमच्या भाच्याची गिटार पहिल्या घराण्यातली. कोणत्या कंपनीची, ते जाऊ दे. पण मोडली ती चांगली मोडली. लांब, तिरकी चीर, आणि पुढच्या बाजूचा पातळ पापुद्रा बिजागरीसारखा धरून राहिलेला. असा तुकडा वीतभर लांबीने चिकटतो आणि सांधा मूळ लाकडापेक्षा मजबूत होतो. अवघड काम एकच : येणाऱ्या-जाणाऱ्याला ती चीर उघडून न दाखवणं. प्रत्येक वेळी उघडली की आतले चार तंतू वाकतात, मग तोंड नीट मिटत नाही. आमच्याकडे शेजारचे काकाही ‘बघू बघू’ करत आले.

पहिल्यांदा तारा सैल करायच्या. मग फेविक्विकची नळी घरातल्या उत्साही मंडळींपासून लपवायची. ते क्षणात धरतं, आणि तुकडा एक केसभर सरकलेला असला तरी तसाच धरतं, शिवाय ठिसूळ. सुतारकामाचा साधा फेविकॉलच बरा. सुईच्या सिरिंजने तो चिरेत खोलवर सोडायचा, कागदाच्या पट्टीने आतपर्यंत पसरवायचा, मेणकागद गुंडाळायचा आणि क्लॅम्प आवळायचे. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसायचा. ट्रस रॉडच्या कोनाड्यात तो शिरू द्यायचा नाही, नाहीतर रॉड पुढे जन्मभर फिरणार नाही. हे सगळं अर्ध्या तासाचं काम. मग चोवीस तास हात लावायचा नाही, आणि सतरा वर्षांच्या मुलाकडून हे करून घेणं हीच खरी कारागिरी.

वेळ जावा म्हणून त्याला रॉक गिटारवादक पीट टाउनशेंडची गोष्ट सांगितली. १९६४ साली लंडनजवळ हॅरोच्या रेल्वे टॅव्हर्नमध्ये वाजवताना त्याच्या गिटारचं डोकं ठेंगण्या छतावर आपटून मोडलं. लोक हसले, तेव्हा त्याने उरलेली गिटारही फोडून टाकली, आणि पुढे गिटार फोडणं हा त्याच्या खेळाचा भागच झाला. गोष्ट सांगताना मला क्लॅम्पची काळजी वाटली. भाच्याचे डोळे भलतेच चमकले होते.

सांधा उत्तम धरला. आवाजात मला फरक कळला नाही. शेजाऱ्यांनाही नाही, याचं त्यांना दुःखच झालं असावं. चिरेची बारीक रेघ तेवढी राहिली. मी त्याला समजावलं, की मान जोडलेल्या गिटारीची किंमत जुन्या बाजारात धाडकन उतरते, वाजते मात्र तितकीच छान. हे सांगायला नको होतं असं त्याच्या आईचं मत आहे. तो आता मोडक्या मानेच्या गिटारी हुडकत हिंडतो, स्वस्तात उचलतो, आणि क्लॅम्प माझे नेतो.