टोकनचं वाण कसं लुटावं? नवसंस्थापकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

नवं क्रिप्टो टोकन काढणं सोपं असतं. एका दुपारचं काम. अवघड असते ती 'कम्युनिटी'. तिला वेळ लागतो, विश्वास लागतो, लोकांच्या उपयोगाची एखादी वस्तू लागते. या तिन्हींपैकी काहीच जवळ नसेल, तर एअरड्रॉप करावा, म्हणजे टोकन फुकट वाटावं. विधी पुढीलप्रमाणे.

१. वाण ठरवावं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला निदान चहाची गाळणी तरी विकत आणावी लागते. आपलं वाण आपणच छापायचं असतं. एकूण पुरवठा शंभर अब्ज ठेवावा. माणशी दहा हजार वाटले तरी हात सढळ दिसतो आणि खिशाला तोशीस पडत नाही.

२. पूर्वजांचं स्मरण करावं, पण अर्धवट. २०१० मध्ये बिटकॉइनचे प्रोग्रामर गॅव्हिन अँड्रेसन यांनी एक संकेतस्थळ काढलं होतं. कॅप्चा भरला की पाच बिटकॉइन फुकट. हे आपल्या व्हाइटपेपरच्या, म्हणजे माहितीपत्रकाच्या, पहिल्या पानावर घ्यावं. तेव्हा बिटकॉइनला भाव जवळपास नव्हता आणि लोकांनी ते वापरून बघावं एवढाच हेतू होता, हे मात्र गाळावं.

आइसलंडचं नाव तर काढूच नये. २००८ मध्ये तिथल्या मोठ्या बँका बुडाल्या होत्या, लोकांचा राग ताजा होता. मार्च २०१४ मध्ये ऑरोराकॉइन या क्रिप्टो नाण्याच्या कर्त्यांनी प्रत्येक नागरिकाला ३१.८ नाणी देऊ केली. एक बेट, एक भाषा, प्रत्येकाला सरकारी ओळखक्रमांक. इतका तयार समाज कुणाला मिळतो? पण नाणं हाती आल्यावर ते खर्चायचं कुठे, याला उत्तर नव्हतं. लोकांनी ते विकलं आणि भाव कोसळला.

३. भक्तांना कामं लावावीत. खातं फॉलो करा, पोस्ट पुढे पाठवा, टेलिग्राम ग्रुपात या, तीन मित्र आणा. आठवड्याभरात ग्रुप हजारोंनी फुगतो. मग तिथे डोकावून बघावं. सकाळी शंभर वेळा 'जीएम' (म्हणजे गुड मॉर्निंग), दुपारी 'सर, लिस्टिंग कधी?', रात्री रॉकेटची चित्रं. चुकून कुणी विचारलं, 'हे टोकन करतं काय?', तर त्याला नकारात्मकता पसरवल्याबद्दल काढून टाकावं. तो एकटाच गिऱ्हाईक होण्याच्या बेतात होता, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

४. माणसं मोजू नयेत, वॉलेट मोजावीत. एकच माणूस दोनशे वॉलेट उघडून दोनशे वाणं नेतो. या जमातीला 'सिबिल' म्हणतात. सप्टेंबर २०१९ मध्ये स्टेलर या क्रिप्टो नेटवर्कने कीबेस या चॅट-अ‍ॅपच्या वापरकर्त्यांना आपली दोन अब्ज ल्युमेन नाणी वीस महिन्यांत वाटायचं जाहीर केलं होतं. खोट्या खात्यांची रांग एवढी लागली की डिसेंबरातच वाटप आवरावं लागलं. २०२४ मध्ये लेअरझिरो या क्रिप्टो प्रकल्पाने वेगळीच शक्कल लढवली. आपण सिबिल आहोत असं स्वतःहून कबूल करा आणि ठरलेल्या वाट्यातले पंधरा टक्के ठेवून घ्या! पंगतीत दोनदा बसलेल्याला उठवताना हातात एक लाडू द्यावा, तसंच हे. आपणही उदार राहावं. आकडा फुगलेलाच बरा. गुंतवणूकदारांच्या बैठकीत तो शोभून दिसतो.

५. अंगठ्याला काम द्यावं. हॅम्स्टर कॉम्बॅट हा टेलिग्रामवरचा खेळ आठवा. पडद्यावर एक उंदरासारखा प्राणी, त्याच्यावर टकटक करायची की वरचा आकडा वाढतो. लोकांनी बसमध्ये, जेवताना, वर्गात बाकाखाली टकटक केली. भारतातही खूप जणांनी केली. २६ सप्टेंबर २०२४ ला टोकन आलं, तेव्हा महिनोन्‌महिने झिजलेल्या अनेक अंगठ्यांच्या वाट्याला जेमतेम काही डॉलर आले. गर्दी आली तशी पांगली. तिने बिचारीने फसवलं नाही. टकटक करा म्हटलं, तिने केली. थांबा असं कुणी म्हटलंच नव्हतं.

६. युनिस्वॅप या टोकनांच्या खरेदीविक्रीच्या बाजाराचं उदाहरण द्यावं, कारण देऊ नये. सप्टेंबर २०२० मध्ये त्यांनी प्रत्येक जुन्या वापरकर्त्याच्या पत्त्यामागे ४०० टोकन देऊ केली. लवकरच त्यांची किंमत हजार डॉलरच्या वर गेली. तेव्हापासून प्रत्येक संस्थापकाला वाटतं, 'आपणही वाटूया.' पण ते वाटप १ सप्टेंबरआधी युनिस्वॅप वापरलेल्यांना होतं आणि तोवर त्याची घोषणा झाली नव्हती. माणसं बक्षिसासाठी आली नव्हती. आधीच आलेल्या माणसांना बक्षीस मिळालं. त्यांतल्याही पुष्कळांनी ते विकलंच. पण विकायला त्यांतले कितीतरी गेले कुठे? युनिस्वॅपवरच. दुकान चालू होतं, म्हणून गिऱ्हाईक वाण विकायलासुद्धा त्याच दारात आलं.

७. शेवटी परीक्षा घ्यावी. वाटप संपल्यावर महिनाभर काहीही देऊ नये. स्पर्धा नको, बक्षीस नको, 'दुसरा हंगाम लवकरच' अशी कुजबूजही नको. मग ग्रुपात पाहावं. कुणी चूक दाखवतोय, कुणी नव्या माणसाला समजावतोय, कुणी फी जास्त लागते म्हणून भांडतोय, तर ती तुमची कम्युनिटी. ती वीस जणांची असली तरी चालेल. ग्रुपात नुसतीच 'जीएम' उरली असतील, तर वाण वाटून झालं, बायका घरी गेल्या, असं समजावं.

अशा वेळी दुसरा एअरड्रॉप करू नये. आधी दुकान उघडावं.